दम खाऊन येणारी माणसं

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक कडुनिंब दिसतो, आणि त्या कडुनिंबाने दोन हिवाळे माझं डोकं फिरवलं. झाडाचा काय दोष म्हणा. दोष त्याच्याखाली बसणाऱ्यांचा, आणि त्यांच्याहून जास्त आत खुर्चीवर बसून त्यांना विचारणाऱ्याचा. आत बसून विचारणारा म्हणजे माझा नवरा. नाव घेत नाही, उखाणा जुळवायला मला आत्ता वेळ नाही. गाव त्यांना डॉक्टर म्हणतं, मीही तेच म्हणते.

अकोल्याला रेल्वे लाइनीच्या पलीकडे, जिनांच्या, म्हणजे कापसाच्या कारखान्यांच्या, गर्दीत आमचा सरकारी दवाखाना. पुढे दवाखाना, मागे आमचं बिऱ्हाड आणि मधे हा कडुनिंब. दवाखान्याच्या दारातून त्याचा नुसता बुंधा दिसतो, पलीकडचा पार दिसत नाही. माझ्या खिडकीतून सगळं दिसतं. दिवाळी झाली की जिनांचे भोंगे सुरू होतात, सरकी काढायचे रेचे धडधडायला लागतात, आणि रुईचा भुगा साऱ्या वस्तीवर उडत राहतो. तुळशीच्या पानांवर पांढरं, लोणच्याच्या बरणीच्या फडक्यावर पांढरं. मग रेच्यापुढे दिवसभर बसून कापूस टाकणाऱ्या बायांच्या छातीत काय जात असेल, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा?

तर ही छातीची माणसं सकाळी दवाखान्यात येत. वर्षानुवर्षं दम लागलेली, कुणी जिनातली, कुणी गाडीवान, कुणी नुसतीच म्हातारी. सडकेवरून येताना बघावं तर गुडघ्यांवर हात टेकून उभी, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या. आणि अशी सरळ आत जातील? छे. आधी माझ्या कडुनिंबाखाली बसायची. दम खायची. तोंड पुसायची, फेटा नीट करायची, पदर सावरायची, आणि श्वास थाऱ्यावर आला की मगच आत जायची. आत डॉक्टर विचारत, कसं काय, आता बरं आहे ना? की उत्तर ठरलेलं, "बरं हाय जी." डॉक्टर छातीला नळी लावत, छाती बिचारी तेवढ्यापुरती गप्प. मग सहदेव, म्हणजे आमचा कंपाउंडर, मागच्याच औषधाने बाटली भरून देई. बाहेर पडून सडकेला लागलं की पुन्हा गुडघ्यांवर हात.

नत्थुजी गाडीवान असाच बसायचा पाराच्या कोपऱ्यावर. गेल्या साली संक्रांतीच्या आधी आला, बराच वेळ दम खाल्ला, आत जाऊन बरं हाय जी म्हणाला, बाटली घेऊन गेला, आणि ती बाटली संपायच्या आत गेला. बातमी आली तेव्हा डॉक्टर जेवत होते. परवा तर बरं आहे म्हणाला, असं म्हणून ते ताटाकडे बघत राहिले. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं की तो आत येण्याआधी कसा होता ते मला विचारा. पण जेवणाऱ्या माणसाला काय बोलायचं, म्हणून मी गिळलं.

आमचे डॉक्टर वाईट नाहीत, हेही सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल नवऱ्याच्या चुगल्या करते. चांदूर रेल्वेला होते तेव्हा पुरातून पोहत जाऊन बाळंतीण सोडवलेला माणूस आहे हा. पण अकोल्याचा दवाखाना म्हणजे बाजार. खरूज, ताप, विंचू, कापलेली बोटं, सगळ्यांनी एकदम टेबलाला गराडा घातलेला. त्यात छातीचा माणूस गप्प बसून बरं आहे म्हणतो, तर तेवढंच एक काम हलकं झालं. शिवाय दम्याच्या झटक्याला टोचायची सुई नागपूरहून बेताचीच यायची, आणि वरून हुकूम असा की झटका डॉक्टरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला तरच ती वापरायची. नव्या गोळ्या आल्या होत्या, त्यांचंही तसंच. आता झटका झाडामागे बसून ओसरत असेल तर तो डोळ्यांना दिसणार कसा?

इथवर मी निव्वळ चडफडत होते. पण पुढच्या कार्तिकात एका सकाळी मी फोडणी टाकता टाकता खिडकीतून पाहिलं, आणि पारावर माझे अण्णा बसलेले.

अण्णा म्हणजे माझे वडील, मोरोपंत. अमरावतीला अंबापेठेत राहतात, जन्मभर मास्तरकी केली. आई गेल्यापासून एकटेच आहेत. छातीचं दुखणं जुनं, पण अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात ते पाऊल टाकत नाहीत, कारण तिथला डॉक्टर त्यांच्या हाताखाली शिकलेला. ज्याला अंगठे धरून उभं केलं त्याच्यापुढे सदरा काढायचा म्हणजे त्यांना मरणच. म्हणून बडनेऱ्याला गाडी बदलून महिन्या-पंधरवड्याला अकोल्याला यायचे, जावयाकडे. जावयाकडे म्हणजे जावयाच्या दवाखान्यात हं. रांगेत बसायचे, आपली बाटली आपण आणायची, पाण्याचा तांब्याही घरून भरून आणायचा. कारण मला मूल नाही. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं अन्नपाणी बापाने घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा नेम, आणि अण्णा नेमाचे पक्के. ओसरीवर टेकतील, माझी चौकशी करतील, पण पाण्याचा थेंब नाही. मला ते किती लागतं ते मी कधी बोलले नाही. आता बोलले.

घ्यायचं नाही पण द्यायचं मात्र ओझ्याने. रिकाम्या हाताने लेकीच्या दारात येऊ नये ना! त्यांचा एक जुना विद्यार्थी, चंद्रभान म्हणून, शेंदूरजनाघाटचा बागाईतदार. तो अण्णांना संत्री धाडायचा, आणि अण्णा ती पिशवी खांद्याला अडकवून स्टेशनापासून पायी आणायचे.

त्या दिवशी ती पिशवी पारावर कलंडली होती आणि दोन संत्री मातीत घरंगळली होती. अण्णा काठीवर दोन्ही हात रोवून बसलेले, खांदे कानापर्यंत वर, आणि ओठ असे निळसर की माझ्या हातातली पळी तिथेच पडली. मी पळत गेले. त्यांनी बोट वर करून मला थांबवलं. बोलता येत नव्हतं, पण थांबवता येत होतं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "वसंतरावांना सांगू नकोस. जावयापुढे धापा टाकत जायचं म्हणजे काय, काही रीतभात आहे की नाही?" मग उपरण्याने तोंड पुसलं, टोपी सरळ केली, संत्री उचलून झटकली आणि गेले आत. मी दाराआडून ऐकत होते. डॉक्टरांनी विचारलं, अण्णा, कसं काय? तर म्हणाले, बरं आहे, तुमच्या औषधाचा चांगला गुण आहे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुपारी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. नत्थुजी पारावर कसा बसायचा तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले की छाती मी ऐकली, जुनी शीळ आहे थोडी, पण दम नाही, आणि अण्णा स्वतःच बरं आहे म्हणतात. मी म्हटलं, अण्णा काय वाटेल ते म्हणतील. त्यावर ते उठले. "रमा, मी माझ्या कानांवर विश्वास ठेवू की तुझ्या खिडकीवर?" असं म्हणाले आणि हात धुवायला गेले. तुम्हीच सांगा, या माणसाशी भांडायचं तरी कसं?

त्या दिवसापासून मला चैन नाही. पोळी करपायची, दूध उतू जायचं. स्टेशनात गाडीची शिट्टी झाली की मी खिडकीशी. थंडी वाढत चालली होती, नत्थुजी थंडीतच गेला होता, आणि अण्णांना दर वेळी तीच लाल बाटली मिळत होती. जावयाच्या खिशात सुई आहे, कपाटात गोळ्या आहेत, आणि माझा बाप झाडामागे बसून स्वतःला बरं करून आत जातो! रात्री कूस बदलली की तेच, सकाळी चूल पेटवली की तेच.

एक दिवस मी तानुबाईलाच धरलं. तानुबाई जिनात रेच्यावर बसायची, वयाने माझ्याएवढी असेल, पण खोकून खोकून म्हातारी झालेली. बाजाराच्या दिवशी जिनाला सुट्टी, तेव्हा ती यायची. पारावर दम खात होती, तिच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं की बाई, अशीच आत काहून जात नाहीस? ती माझ्याकडे असं बघायला लागली जसं मीच काही भलतं विचारलं.

"असं कसं जाव बाई? साहेबानं अवशीद देलं. मी धापा टाकत गेलो तं तेले वाटन का मी तेच्या अवशिदाले नावं ठेवून राहिलो. आन् तुमचे बाबाबी तं तेच करतेत."

आता घ्या. मास्तर असो की रेच्यावरची बाई, सगळे डॉक्टरांचा मान राखून मरायला निघालेले. मला हसूही आलं आणि रडूही आलं. तानुबाईला मी कपभर चहा दिला, आणि चहा देता देता माझ्या डोक्यात डॉक्टरांचं ते टेबल आलं.

दोन-तीन दिवसांनी डॉक्टर साक्षीसाठी मूर्तिजापूरच्या कोर्टात गेले. मी सहदेवला म्हटलं, टेबल उचल. साहेब मले नौकरीवरून काढतीन म्हणाला. मी म्हटलं माझं नाव सांग, धर त्या बाजूने. आम्ही दोघांनी ते शिसवी धूड ओढत ओढत व्हरांड्याच्या पार टोकाला नेलं, खुर्ची अशी लावली की बसणाऱ्याच्या नाकासमोर कडुनिंबाचा पार. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ते बघितलं आणि हे कोणी केलं म्हणून विचारलं. सहदेव आकाशाकडे बघायला लागला. मी म्हटलं, आत अंधार असतो, तुमचे डोळे बिघडतील. डॉक्टरांना माझं सोंग कळत नाही असं नाही, पण समोर रोगी उभे होते, म्हणून बसले.

आणि बाजाराच्या दिवशी तानुबाई आली. सडकेवरून वाकत वाकत, एक हात कंबरेवर, पाराकडे निघालेली. डॉक्टर उठले, नळी घेऊन तडक तिच्याकडे गेले आणि तिथेच छाती ऐकली. मी खिडकीतून त्यांचा चेहरा बघत होते. बराच वेळ त्यांनी नळी काढलीच नाही. मग सहदेवला हाक मारली, सुई मागवली. थोड्या वेळात तानुबाई नीट श्वास घेत होती. त्या दिवशी डॉक्टरांनी जेवताना भात दोनदा वाढून घेतला. मला वाटलं, जिंकले बाई.

कसलं जिंकले? आठवड्याभरात पार ओस पडला. साहेब आता बाहेर बसून बघतो ही बातमी वस्तीभर झाली होती. छातीची माणसं येत होती, पण येत होती ती फेटा नीट, तोंड कोरडं, श्वास जागेवर. मला उलगडेना. शेवटी सहदेवने सांगितलं की सगळे आता कोंडवाड्याच्या भिंतीआड बसतात, मोकाट गुरांच्या शेजारी, आणि तिथे दम खाऊन मग वळण घेतात. तानुबाईसुद्धा! सुईने बरं वाटलं ते तिला कबूल होतं, पण साहेबाने आपल्याला पदर ढळलेला, तोंड वासलेलं बघितलं याची तिला एवढी लाज वाटली की ती पुन्हा तशी येईना. मी कपाळावर हात मारला.

आणि अण्णा? अण्णा तर मास्तर. गाडीची शिट्टी झाली, मी खिडकीशी उभी राहिले. भाजी झाली, भात झाला, अण्णांचा पत्ता नाही. स्टेशन काही परगावी नाही. नाही नाही ते मनात येऊ लागलं. सडकेपर्यंत दोनदा जाऊन आले. मग आले अगदी सावकाश, टोपी सरळ, खांद्याला संत्री, आणि मला म्हणाले की आज गाडीला फार गर्दी होती. औषधांचं पार्सल आणायला गेलेला सहदेव मागून आला आणि सहज बोलून गेला की मास्तर तं तवाचे स्टेशनातल्या बाकावर बसून व्हते. अण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं की वर्ग असता तर त्याला बाकावर उभं केलं असतं.

पौष लागला. अण्णांचा काळा कोट खांद्यावरून लोंबायला लागला होता. ओसरीवर बसले की एक वाक्य तोडून तोडून दोन वाक्यांत बोलायचे, आणि मधल्या जागेत खाकरल्यासारखं करायचे. मी सरळ विचारलं, अण्णा, खरं सांगा. तर म्हणाले, रमे, बरं आहे गं, थंडीचं थोडं असायचंच. ते आत गेले आणि मी ओसरीवर एकटी बसून रडले. राग आला की मला रडू येतं, आणि रडू आलं की आणखी राग येतो.

डॉक्टर मधे पाणी प्यायला घरात आले तेव्हा मी उठले. भांडायचं बळ उरलं नव्हतं. मी म्हटलं, "तुम्ही विचारता तिथेच सगळं चुकतं. तुम्ही विचारलंत की माणूस बरं आहे असंच म्हणणार. तुम्ही विचारू नका. त्यांच्याबरोबर चाला."

ते पाण्याचं भांडं हातात धरून उभे राहिले. मी म्हटलं, अण्णांना स्टेशनपर्यंत पोचवायला जा, आणि तुमच्या नेहमीच्या चालीने जा. जावई पोचवायला येतो म्हटल्यावर सासरा नको म्हणू शकत नाही. बाहेर रांग होती, मला वाटलं रांगेचं कारण सांगतील. पण त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि कोट चढवला.

डॉक्टरांची चाल मला चांगली ठाऊक आहे. लग्न झाल्यावर अंबादेवीच्या दर्शनाला गेलो तेव्हा शालू सावरत मी अख्खी वाट त्यांच्यामागे पळत होते. अण्णा नको नको म्हणाले, पण जावयाचा शब्द मोडवेना. निघाले दोघे. मी मागून, पदर डोक्यावर घेऊन, थोडं अंतर ठेवून. घरी थांबणं मला शक्यच नव्हतं.

पहिल्या वळणापर्यंत अण्णा ताठ. मग एक टांगा उभा होता, तर अण्णा थांबले आणि घोड्याच्या गुणदोषांवर बोलायला लागले. बोलायला म्हणजे दोन शब्द, मग गप्प. डॉक्टर थांबले, काही विचारलं नाही. पुन्हा निघाले. पुढे अण्णांच्या जोड्यात खडा गेला. तो खडा काढायला बराच वेळ लागला. डॉक्टर बाजूला उभे, हात मागे बांधून. माझ्या ओळखीतला हा माणूस बोलल्याशिवाय राहत नाही, कसं काय विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. त्यांचे मागे बांधलेले हात मी बघत होते, एकमेकांत घट्ट आवळलेले. कसं थांबले असतील ते त्यांनाच ठाऊक.

रेल्वेचं फाटक बंद होतं. कापसाच्या गाठींनी भरलेली मालगाडी चालली होती, मुंबईकडे, अगदी धिम्या गतीने. मालगाडीवर इतके खूश झालेले अण्णा मी कधी पाहिले नव्हते. ते फाटकाच्या दांड्याला धरून उभे राहिले आणि डबे बघू लागले. डॉक्टर मात्र गाडीकडे बघत नव्हते. ते अण्णांच्या गळ्याकडे बघत होते, हासळीच्या हाडांवरचा खळगा दर श्वासाला आत ओढला जात होता, तिकडे. मला मागूनही अण्णांच्या पाठीवर कोट वरखाली होताना दिसत होता. मला वाटलं आता पुरे, आता विचारा काहीतरी, आता धरा त्यांना. पण बोलले नाहीत.

गाडी गेली. फाटक उघडलं. दोन्हीकडून कापसाच्या बैलगाड्या घुसल्या, गाडीवान ओरडायला लागले. अण्णा हलले नाहीत. दांडा वर गेला होता, त्यांचा हात तसाच हवेत, धरायला काही नाही. पिशवी खांद्यावरून खाली आली. आता संत्री नव्हती तीत, बाटली आणि तांब्या होता, तांब्या वाजला. डॉक्टरांनी त्यांचा कोपर धरला आणि नुसते उभे राहिले. मागच्या गाडीवानाने शिवी घातली तरी उभे राहिले.

"वसंतराव," अण्णा म्हणाले. मग दोनदा श्वास ओढला. "मला बरं नाही. पुष्कळ दिवस झाले, मला बरं नाही."

मी धावले. डॉक्टर तेवढ्यात सडकेवर गुडघ्यावर बसले होते, नळी घरी राहिली होती, म्हणून कान सरळ अण्णांच्या पाठीला लावला होता. भर सडकेत, गाड्यांच्या खोळंब्यात, जावई सासऱ्याच्या पाठीला कान लावून. अण्णांनी एक हात माझ्या खांद्यावर टेकला. सगळं वजन टाकलं, आणि ते वजन इतकं कमी होतं की मला हुंदका आला. जन्मात पहिल्यांदा माझा बाप मला बरं नाही म्हणाला, आणि मला असं हायसं वाटलं की विचारू नका.

एका गाडीवानाने कापसावर जागा केली. अण्णांना त्यावर बसवून दवाखान्यात आणलं, सरळ सगळ्यांसमोरून, रांगेच्या पुढे. त्यांना आज रांगेचं काही सुचत नव्हतं. सुई दिली. थोड्या वेळाने ओठांचा निळेपणा गेला आणि त्यांनी तांब्या चाचपला, तो सडकेवर सांडून रिकामा झाला होता. मी घरात धावले, फुलपात्र भरून आणलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. मग सहदेवकडे बोट करून म्हणाले, दवाखान्याच्या माठातलं दे. सहदेवच्या हातचं पाणी प्यायले हो, गटागटा, ज्यांनी आयुष्यात सोवळं सोडलं नाही ते. पण लेकीचं नाही. मला त्या क्षणी इतका राग आला, आणि त्या रागातच हसू आलं. नेमाचा माणूस, नेम पाळूनच जगणार. जगला तरी पुरे.

त्यानंतर डॉक्टरांनी टेबल परत आत नेलं. मला म्हणाले, तुझं टेबल तुला लखलाभ. पण छातीचा माणूस आला की ते उठतात, आणि दवाखान्यामागच्या विहिरीपर्यंत त्याला बरोबर घेऊन जातात आणि परत आणतात. कसं काय विचारत नाहीत. कापूस कसा आहे, पोरगी कुठं दिली, बैल विकला का, असलं काहीतरी बोलतात. विहिरीपर्यंत जाताना जे कळायचं ते कळतं, मग नळी. ज्याला लागेल त्याला गोळ्या देतात, घरी ठेवून कामावर जायच्या आधी घ्यायला. तानुबाईसाठी ते स्वतः जिनाच्या मॅनेजरकडे गेले. आता ती रेच्यावर नाही, बाहेर अंगणात उन्हात कापूस वाळवते, आणि सहदेवला येता-जाता चिडवते. गाव हसलं, म्हणालं डॉक्टर रोग्यांना हवा खायला नेतात. डॉक्टरांची रांग लांबली, जेवण उशिरा होऊ लागलं, आणि मी अजून त्यावरून बडबडते. बडबडायला मला काहीतरी लागतंच.

माघात एका सकाळी गाडीची शिट्टी झाली आणि मी सवयीने खिडकीशी गेले. फार वेळ लागला नाही. सडकेवरून अण्णा येत होते, काठी टेकत, तोंड उघडं, टोपी मागे सरकलेली, खांद्याला संत्री. विहिरीवर बायांची गर्दी होती, त्या बघत होत्या. कडुनिंबाच्या पाराजवळ आले, तिथे सावली होती, जागा मोकळी होती.

अण्णा थांबले नाहीत. तसेच धापा टाकत दवाखान्याच्या पायऱ्या चढले.